मुठीच्या फटीतलं लाल

१

भगवंत शेलार सापडला तो बदलापूरजवळ चामटोलीच्या रस्त्यावरच्या त्याच्या भाजीच्या मांडवात, मेथीच्या जुड्यांवर पालथा. पाठीत एकच वार होता, आदल्या संध्याकाळचा, पण खोल. रात्री तो मांडवातच झोपायचा, म्हणून घरच्यांनी शोधलं नव्हतं. सुरी दोन हात अंतरावर पडलेली. समोर वजनकाटा होता आणि त्याच्या पारड्यावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं. दसरा होऊन चारच दिवस झाले होते.

मी, अस्मिता वाघमारे, फौजदार होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. खुनाचा हा माझा पहिलाच तपास, त्यामुळे सल्ला द्यायला अख्खं ठाणं पुढे. मला कुणी काही शिकवायला लागलं की माझं डोकं तापतं. पण त्या दिवशी सगळं इतकं सोपं दिसत होतं की मी गप्प बसले.

मयताचा धाकटा भाऊ आनंदा सगळ्यांच्या आधी तिथे पोचला होता. त्यानेच ठाण्याला फोन केला आणि त्यानेच सुरीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, असली सुरी आमच्या खरवईत कोनाकडं नाय. बाजारात पन नाय भेटत. ही इंटरनेटवरनं मागवायला लागते. एकाच पोराकडं हाय ती."

"कुणाकडे?"

"अंबरनाथचा आकाश साळवे. दादाच्या पोरीच्या, किर्तीच्या मागं लागलेला. पंधरा दिवसांमागं दादाच्या दारात येऊन भांडून गेला. बघून घेईन बोल्ला. आख्ख्या आळीनं ऐकलंय."

मी सुरी पाहिली. काळी मूठ, तीन पितळी खिळे, पात्यावर कोरलेलं हरीण. पातं आणि मूठ जुळतात तिथे एक बारीक फट होती, आणि त्या फटीत लाल भरलेलं होतं. रक्त, असं मी पंचनाम्यात लिहिलं. दुसरं काय असणार?

२

साल दोन हजार आठ होतं. लोक इंटरनेटवरून रेल्वेचं तिकीट काढायला नुकते धजावत होते. भाजी चिरायची सुरी संगणकावर बघून मागवणं हा आमच्या लेखी शुद्ध माज होता. हवालदार शिवराम म्हणाला, "हातात घेतल्याशिवाय, अंगठ्यावर धार बघितल्याशिवाय सुरी घेतात का कधी? नवरा बघितल्याशिवाय पोरगी देण्यासारखं झालं."

आकाश तेवीस वर्षांचा होता, ठाणे शहरातल्या कॉल सेंटरमध्ये कामाला. आई अंजना अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत पोळी-भाजीचे डबे करते. मागची खिडकी वालधुनी नाल्यावर उघडते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. आमच्या घरात आहेत तसेच, त्याच उंचीवर. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

"सुरी मागवली होतीस?" मी विचारलं.

"हो. आईचं बोट विळीवर दोनदा कापलं, म्हणून. साडेआठशेची," आकाश म्हणाला.

"दाखव."

त्याने फळीवरून खोका काढला. आत कुरिअरची पावती होती, थर्माकोल होता, आणि थर्माकोलमध्ये सुरीच्या आकाराची रिकामी जागा. तो आईकडे बघायला लागला.

"आई, सुरी कुठाय?"

"हरवली," अंजनाबाई म्हणाल्या. "डब्यांच्या गडबडीत कचऱ्यात गेली असंल."

"काल संध्याकाळी कुठे होतास?" मी आकाशला विचारलं.

"खरवईला. तळ्यावर. किर्ती भेटणार होती, आलीच नाही. दोन तास बसून परत आलो."

"कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. रात्री नऊला तो चिखलाचे बूट घेऊन घरी आला, जेवला नाही, बोलला नाही. हे खुद्द त्याच्या आईनेच सांगितलं. सांगताना ती खिडकीकडे बघत होती, मुलाकडे नाही.

पिशवीतली सुरी दाखवून मी त्याला गाडीत बसवलं तेव्हा तो एकच वाक्य बोलला. "मॅडम, ती सुरी माझी नाहीये. माझीला असली फट नव्हती."

सुटायला बघणारा माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला समजावलं. पण ते वाक्य माझ्या कानातून जाईना.

३

चौदा दिवसांची कोठडी मिळाली. आकाशने कबुली दिली नाही. तेराव्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या कोठडी संपते. कागद पूर्ण करा. सुरी आहे, भांडण आहे, वेळेला हजर आहे. अजून काय पाहिजे?"

"सर, तो फटीचं म्हणतो ते एकदा बघायला हवं. कंपनीकडून नमुना मागवलाय, पण तो यायला महिना लागेल."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "वाघमारे, स्पष्ट बोलू? लोक म्हणतील, मॅडम आपल्या माणसाला सोडवतायत."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं मला. 'आपला माणूस' म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. तोंडापर्यंत बरंच आलं होतं, ते गिळून मी बाहेर आले. तरी पिशवीतली सुरी पुन्हा काढून बघितली. पात्यावरचं रक्त वाळून काळपट तपकिरी झालं होतं. फटीतलं मात्र लालच होतं. तेरा दिवसांनीही लाल! काहीतरी चुकत होतं आणि काय ते उमगत नव्हतं.

मी खरवईला गेले. शेलारांचं घर एकच, चुली दोन. भगवंतची बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली, त्यामुळे किर्ती काकीच्याच हाताखाली वाढली. तेराव्याची पानं नुकतीच उठली होती. आनंदाची बायको विठा विळीवर बसून नारळ खवत होती. विळीच्या मानेला लाल बोट उमटलेलं होतं, कोपऱ्यातल्या कोयत्यालाही होतं.

"तुमच्याकडे सुरी नाही वापरत?" मी सहज विचारलं.

"आमच्यात विळीच," बाहेरून आनंदाच म्हणाला. "सुरी-बिरी शेरातल्या बायकांना."

विठा नारळच खवत राहिली.

किर्ती मागच्या पडवीत होती. रडून रडून चेहरा सुजला होता. "आकाशने नाही केलं," ती म्हणाली. "त्याच्या आईची ती सुरी मी बघितली होती. घरी येऊन काकीला किती कौतुक सांगितलं होतं मी! माझ्याच तोंडाने त्याला अडकवलं."

"त्या संध्याकाळी तू तळ्यावर का नाही गेलीस?"

"काकीने सोडलं नाही. साडेसहापासून दारात पाट टाकून बसली होती, आठपर्यंत हलली नाही. काका शेतावरची मोटार बंद करायला गेले, जाताना तिला सांगून गेले, पोरीला बाहेर जाऊ देऊ नको म्हणून."

निघताना विठाने मला उंबऱ्यात थांबवलं. "सुतक फिटलं आज. बाईमानसानं रिकाम्या कपाळानं जाऊ नये." मी नको म्हणायच्या आत तिचं बोट माझ्या कपाळावर टेकलं. "बाजारातलं नाय हां. घरचं हळदीचं. खाज नाय येत."

आमच्या घरात कुंकवाचा करंडा आजोबांच्या पिढीत बंद झाला. आजवर माझ्या कपाळाला कधी कुंकू लागलं नव्हतं. पुसून टाकावंसं वाटत होतं, पण त्या बाईच्या डोळ्यांत काहीतरी होतं. भीती म्हणू की विनवणी? मी तशीच निघाले.

४

उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मग सुरी तरी का मिळू नये? हा प्रश्न मला तेरा दिवस पडला नव्हता, कारण आनंदाने पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं की बाजारात मिळत नाही. सांगणाऱ्याचा विचार न करता सांगितलेलं मी धरून बसले होते. स्वतःला दोन मुस्काटात माराव्यात असं वाटलं.

तिथल्या कॅम्प तीनमध्ये भांड्यांच्या दुकानांची ओळच्या ओळ आहे. दिवाळी दोन दिवसांवर, पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या दुकानात लधाराम शेठ भेटले. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, गळ्यात चष्मा. सुरीचं वर्णन ऐकून त्यांनी टोपल्यातून एक काढून काउंटरवर ठेवली. काळी मूठ, तीन खिळे, हरीण.

"सत्तर रुपये, साईं."

"इंटरनेटवर साडेआठशे आहे."

"तो लेने दो ना इंटरनेटसे!" शेठ हसले. "मॅडम, ती एकदम ओरिजिनल असते, मी खोटं कशाला बोलू? तिचं पातं मुठीच्या शेवटपर्यंत एकच पट्टी, वर मूठ अशी गच्च बसवलेली की केस जाणार नाही. आपल्या मालात इथे फट राहते. सत्तर रुपयांत कितना करेगा बेचारा कारीगर? पण माझ्याकडे हातात धरून बघा, आवडली तर घ्या. मी समोर धार लावून देतो. दोन वर्षांनी बोथट झाली तर परत या, परत लावतो. कुरिअरवाला लावणार काय?"

म्हणजे आकाश खरं बोलत होता. फटीची सुरी त्याची नव्हती.

"अशी कोणी घेतली, आठवतं?"

"दिवसाला दहा जातात. किसका किसका मुँह याद रखूँ?"

पण आनंद टिकला नाही. साहेब काय म्हणणार ते मला पाठ होतं. म्हणणार, त्यानेच इथून दुसरी घेतली असेल, आणि पहिली कुठे आहे ते अजूनही सांगत नाही. मी वळले तेव्हा शेठच्या मागे एक पोक्त कारागीर बसला होता. हातातल्या यंत्राची सुई टरटर वाजवत एका स्टीलच्या हंड्यावर नाव घालत होता. शेजारी नाव घालून तयार झालेली भांडी रचलेली. मी आपली सवयीने वाचत गेले. पाचव्या तांब्यापाशी थांबले.

'सौ. किर्ती आकाश साळवे.'

"हे कुणी घालायला दिलं?"

"हां, वो? बदलापूरके भगवंतभाऊ. भाजीवाले. दसऱ्यानंतर आले होते, पूर्ण सेट सांगितला. मुलीचं लग्न आहे, दिवाळीनंतर साखरपुडा, म्हणाले. खूप खुशीत होते. नाव दोनदा वाचून दाखवायला लावलं मला." शेठनी भुवया उंचावल्या. "दोन आठवडे झाले, उचलायलाच आले नाहीत. का हो, तब्येत बरी आहे ना?"

मी तो तांब्या मागून घेतला. दारात भांडण झालं, सगळ्या आळीने ऐकलं. नंतर बाप एकटा बसून विचार करत राहिला असेल, आणि कुणाला न सांगता जावयाचं नाव भांड्यावर घालून आला. मुलीला माहीत नाही, आकाशला माहीत नाही. मग माहीत होतं तरी कुणाला?

५

संध्याकाळी अंबरनाथला अंजनाबाईंकडे थांबले. त्या तेरा दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. डबे बंद पडले होते. तरी माझ्यासाठी त्यांनी विळीवर लिंबू कापलं, सरबत केलं.

"आई, खरं सांगा. तुमची सुरी कुठे आहे?"

"हरवली, बोलले ना." पुन्हा ती खिडकीकडची नजर.

पेला भरताना सांडला होता, माझा हात सरबताने ओला झाला. त्याच हाताने मी कपाळ पुसलं आणि रुमालाला हात पुसला. बघते तर रुमालावर लाल नव्हतं. पिवळं होतं.

"हे काय?"

अंजनाबाईंनी रुमाल हातात घेतला. "हळदीचं कुंकू दिसतंय. असं आता कोण करत नाय. हळदीला चुना लावला की लाल व्हतं, वर लिंबू पडलं की परत हळद ती हळद. बाजारातलं रंगाचं असतंय, ते नाय पलटत. माझी आजी सांगायची, ती राबायला जायची त्या पाटलाच्या घरी करायचे." मग एकदम गप्प झाल्या. "आमच्यात छप्पन्नला गेलं सगळं."

मी पेला तसाच ठेवला आणि उठले. तेरा दिवस न काळवंडलेलं रक्त! ते रक्त नव्हतंच. दुसरा कुठलाही फौजदार असता तर त्याने खंडेनवमीला आईच्या शेजारी बसून विळी-कोयत्याला बोटं लावलेली असती, आणि पहिल्या दिवशीच ओळखलं असतं. माझ्या घरात ती रीत नव्हती, म्हणून मला लाल म्हटलं की रक्तच दिसलं.

आणि अंजनाबाईंच्या घरात तरी ती कुठे होती?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना हाताला धरून नेल्यासारखं खरवईला नेलं. ओट्यावर दोन पंच, शिवराम, आनंदा, विठा आणि किर्ती. मी तीन कागद मांडले. पहिल्यावर दुकानातलं कुंकू, दुसऱ्यावर विठाच्या करंड्यातलं, तिसऱ्यावर सुरीच्या फटीतून टाचणीने काढलेलं चिमूटभर. हे नियमात बसत नव्हतं. उरलेलं फटीत प्रयोगशाळेसाठी राखलं होतं, तिचा अहवाल यायचा तेव्हा येऊ दे.

लिंबू पिळलं. पहिलं लालच राहिलं. दुसरं पिवळं झालं, आणि पाठोपाठ तिसरंही.

"ही सुरी इंटरनेटची नाही, उल्हासनगरची," मी म्हणाले. "आकाशच्या सुरीला फट नव्हती. हिला आहे आणि फटीत खंडेनवमीचं कुंकू आहे, घरी केलेलं. साळव्यांच्या घरी नवमीला हत्यारं पुजत नाहीत. त्या दिवसांत ते विहारात असतात."

"हळदीचं कुंकू काय आमच्याच घरी हाय?" आनंदा म्हणाला.

"नसेलही. पण ही सुरी बाजारात मिळत नाही असं मला सांगणारे तुम्हीच होता. घरात सुरी वापरत नाही असं सांगणारेही तुम्हीच. त्या संध्याकाळी काकी किर्तीला राखत दारात होती. बाहेर तुम्ही होता, आनंदाभाऊ, एकटे." मी तांब्या पुढे ठेवला. "आणि हे दादांनी फक्त तुम्हाला सांगितलं होतं ना?"

किर्तीने तांब्या उचलला. नाव वाचलं. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मला अजून विसरता येत नाही.

"माझीच हाय ती सुरी," विठा म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "किर्तीनं कवतिक केलं म्हनून मी तसलीच आनली. नवमीला विळीच्या शेजारी ठेवून माज्या हातानं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी यांनी भाजीच्या जुड्या सोडायला मांडवात नेली. मंग बोल्ले, हरवली."

"गप!" आनंदा ओरडला. मग तो ओट्यावर बसला. "दादा हसत हसत सांगत व्हता. भांड्यावर नाव घातलं बोल्ला, तू पन चल साखरपुड्याला. मी बोल्लो, लोकं काय बोलतील? तर बोल्ला, लोकं मेथी घ्यायला येतील तशी येतील. पाठ फिरवून परत जुड्या बांधाया लागला..."

पुढचं त्याने नंतर जबाबात सांगितलं. सुरी त्याच्या हातातच होती. मारल्यावर त्याला आठवलं की तसलीच आकाशकडे आहे, मग मूठ धोतराला पुसून ती तिथेच टाकली. फट पुसली गेली नाही.

 परतल्यावर ठाण्याशी उतरताना साहेब एवढंच म्हणाले, "लिंबाचं कागदात नका घालू." मला काय म्हणायचं होतं ते मी त्याही वेळी गिळलं.

७

आकाशला मीच घरी सोडलं. शेजाऱ्यांनी दारात कंदील लावला होता. अंजनाबाईंनी त्याला पोटाशी धरलं, रडल्या, मग डोळे पुसून लगबगीने कांदा घेऊन विळीवर बसल्या. पोराला पिठलं आवडतं.

"विळी कशाला, आई? परत बोट कापशील." आकाश माझ्याकडे वळला. "मॅडम, माझी सुरी सापडली का?"

अंजनाबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत मला सगळं कळलं, खिडकीसकट. खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. ठाण्यात जमा आहे, वर्षभर तरी मिळायची नाही. कुणाचं काय बिघडणार होतं?

"नको मॅडम," त्याच म्हणाल्या. "या घरात आता खोटं नको. नाल्यात टाकली मी, आकाश. माझ्या हातानं."

"ती असती तर मी त्याच दिवशी सुटलो असतो, आई. पोलिसांना घाबरलीस?"

त्या कांद्याचं साल काढायला लागल्या.

"कधी टाकलीस?"

"दुपारी किर्तीचा फोन आला, बापाला सुरीनं मारलं म्हनून. तू आंघोळीला गेलेलास. दाराशी तुझे चिखलाचे बूट व्हते."

"पोलीस संध्याकाळी आले," आकाश हळूच म्हणाला. मग त्याला हिशेब लागला. "म्हणजे त्यांच्या आधी तुलाच वाटलं, मी केलं."

अंजनाबाईंनी पदर तोंडात धरला. खुनी सापडला होता, पोर घरी आलं होतं, आणि मला त्या खोलीत उभं राहवेना. मी चपला घातल्या. मागे वळून बघितलं तर आकाशने आईला उठवून विळी स्वतःकडे ओढली होती आणि तो कांदा चिरत होता, वाकडातिकडा, मान खाली घालून. ती शेजारी उभी होती. बराच वेळ तिला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तिने तो ठेवला नाही.